रेकॉर्डरला बाहेरचा माइक लावलाय, पण त्याला वीज कोण देतंय?

या भागाचं लेखी रूप बऱ्याच जणांनी मागितलं, कारण व्होल्ट आणि पिना नुसत्या ऐकून लक्षात राहत नाहीत. म्हणून बोललो तेच जरा नीट करून इथे देतोय.

समजा, शिमग्याला तुम्ही रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी गेलात. रात्री नमन आहे. मृदंग लागलेत, संकासुर यायचाय आणि गाणारे आजोबा पंचाहत्तरीचे आहेत. पुढच्या वर्षी ते उभे राहतील की नाही, कुणी सांगावं! तुम्ही रेकॉर्डरला बाहेरचा माइक जोडता आणि मीटर हलतच नाही. दहापैकी निम्म्या वेळा माइक चांगला असतो, त्याला फक्त वीज मिळालेली नसते.

वीज लागते कशाला? शूर एसएम५८ सारख्या डायनॅमिक माइकला ती लागतच नाही. आवाजाने आतली तारेची गुंडाळी चुंबकात हलते, त्यातूनच सिग्नल तयार होतो. मृदंगासमोर ठेवायला असा माइक उत्तम. कॉलरला लावायचे छोटे माइक मात्र इलेक्ट्रेट जातीचे असतात. जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये हा प्रकार शोधला. त्याच्या पडद्यावर कायमचा विद्युतभार असतो, पण आतला चिमुकला ट्रान्झिस्टर चालायला थोडे व्होल्ट लागतातच. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकची भूक याहून बरीच मोठी.

म्हणून वीज दोन प्रकारची. पहिली प्लग-इन पॉवर: साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून साधारण अडीच ते पाच व्होल्ट. झूम एच१एन सारखा छोटा रेकॉर्डर अडीच देतो, पण मेन्यूत जाऊन ती चालू करावी लागते. दुसरी फॅंटम पॉवर: तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधून ४८ व्होल्ट. हा ४८ आकडा आला नॉर्वेतून. १९६६ मध्ये न्यूमन कंपनी तिथल्या सरकारी रेडिओला माइक द्यायला गेली, तेव्हा त्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती. तीच माइकला जोडली, आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. मला हा किस्सा फार आवडतो; आमच्या सॉफ्टवेअरमधली निम्मी स्टँडर्ड्स अशीच जन्मतात.

आता नेहमीचा घोळ. फोनसाठी घेतलेला माइक रेकॉर्डरला लावला की शांतता. प्लगवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर तो फोनचा, दोन असतील तर कॅमेरा-रेकॉर्डरचा. फोनच्या प्लगमध्ये माइकची तार सगळ्यात मागच्या कड्यावर असते, आणि रेकॉर्डरच्या जॅकमध्ये तीच जागा ग्राउंडची. म्हणजे सिग्नल थेट जमिनीत! पन्नास-शंभर रुपयांचा कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या. बोया बीवाय-एम१ वर मात्र बटण असतं. ते ‘कॅमेरा’कडे केलं की माइक स्वतःच्या एलआर४४ सेलवर चालतो. सेल संपला की माइक गप्प.

उलटा घोळ जास्त महागात पडतो. कॉलर माइकला साधा एक्सएलआर अडॅप्टर लावून ४८ व्होल्ट सोडू नका. पाच व्होल्टच्या जिवाला ते झेपत नाहीत. रोडच्या व्हीएक्सएलआर प्लस सारखा, व्होल्ट उतरवून देणारा अडॅप्टर वापरा. मंडपातल्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घेत असाल, तर त्या चॅनलची फॅंटम आधी बंद करा. तो बिचारा मशीन देतोय हेच खूप, वर त्याच्या आउटपुटमध्ये ४८ व्होल्ट कशाला घालायचे? केबल लावायची किंवा काढायची असेल तेव्हाही फॅंटम बंदच हवी.

नमन रात्रभर चालतं, त्यामुळे बॅटरीचा हिशोबही करा. चार मिलिअँपिअर घेणारा कंडेन्सर ४८ व्होल्टवर सुमारे ०.२ वॅट खातो. दोन रिचार्जेबल सेल मिळून २.४ व्होल्ट देतात. व्होल्ट वाढवताना थोडी वीज वाया जाते, ती धरली तर सेलमधून साधारण १०० मिलिअँपिअर जादा जातात. असे दोन माइक लावले की २००. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर एवढा भार, आणि रेकॉर्डरची स्वतःची भूक वेगळी. म्हणजे पहाटेपर्यंत एका जोडीवर भागणार नाही. यूएसबीवर चालणारा रेकॉर्डर असेल तर पॉवर बँक लावा. पण आधी घरी तासभर चालवून बघा, कारण काही पॉवर बँका कमी करंट दिसला की आपोआप बंद होतात.

आणि सगळं बरोबर असूनही पावसाळ्यात फट्-फट् आवाज येत असेल, तर सेलला दोष देऊ नका. ती आपली दमट हवा. माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा ऐकून बघा.