तळघरातल्या पाण्याची वीस वर्षं

सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. हळदीच्या पेवांसाठी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस अशी ही पेवं. हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लोटायची. माल वर्षानुवर्षं किडीवाचून राहायचा. पेव उघडलं तरी लगेच कोणी आत उतरत नसे. आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत थांबावं लागे. त्या मातीतून पाणी आत झिरपत नाही, एवढ्या एका गुणावर सगळा कारभार चालायचा. २००५च्या महापुरात कृष्णा पेवांवरच चढली. झिरपून न येणारं पाणी तोंडातून आत गेलं आणि हळद नासली. पुढे व्यापार गोदामांकडे वळत गेला, पेवं ओस पडली.

त्याच पावसाळ्यात, २६ जुलैला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाच्या आठवणी मुख्यतः रस्त्यांवरच्या आहेत, पण इमारतींच्या पोटातही बरंच काही बुडालं होतं: मीटर, पंप, जनरेटर, लिफ्टची यंत्रणा. रस्त्यावरचं पाणी ओसरलं तरी तळघरातलं काढायला पंप हवा, पंपाला वीज हवी आणि विजेचा मीटर पाण्याखाली, असा तिढा. घराखालच्या जागेकडे आपण नीट बघायला लागलो ते त्या सुमारास, असं मला वाटतं.

त्याआधी तळघरं नव्हती असं नाही. जुन्या वाड्यांना असायचीच. पण ती बेताची, धान्याला किंवा उन्हाळ्यातल्या गारव्याला. घडीव दगडाचं जोतं चांगलं उंच, आणि त्या जोत्यातच झरोका. म्हणजे तळघराचा माथा अंगणापेक्षा वर. हीच गोष्ट आजच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत वेगळ्या भाषेत आहे: तळघराचं छत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मीटर आणि जास्तीत जास्त १.२ मीटर वर असावं. वाड्याच्या गवंड्याने संहिता वाचली नव्हती. अंगणातलं पाणी झरोक्यातून आत यायला नको, इतकं त्याला पुरेसं होतं. आता पुण्यातल्या कुठल्याही चार सोसायट्या फिरून या आणि रॅम्पच्या तोंडाशी उभे राहा. रस्ता डांबराच्या थरांवर थर चढून वर आलेला, फाटक खाली गेलेलं. नकाशावर मंजूर झालेलं जोतं रस्त्यानेच गिळलेलं असतं.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर गाड्या वाढल्या, जमीन महागली. तळघरातलं पार्किंग चटईक्षेत्रात धरत नाहीत म्हटल्यावर खाली खणणं बिल्डरला परवडू लागलं. बंगल्यांच्या तळघरांत तबल्याचे क्लास निघाले, कोणी अभ्यासिका काढली, कोणी व्यायामशाळा. खणलं ते कशात? पुण्यात थोडी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. कातळ म्हटला की कोरडा, ही समजूत पक्की. पण या बेसॉल्टला भेगा असतात, थरांमध्ये सांधे असतात, आणि पावसाळ्यात मुरमातून उतरलेलं पाणी त्या सांध्यांतून आडवं वाहतं. त्यात आपण कातळ फोडून खड्डा घेतो, आत भिंत उभी करतो, आणि भिंत व कातळ यांच्यामधली फट मिळेल त्या भरावाने बुजवतो. विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, सेंट्रिंगची कुजकी फळी, सगळं त्यातच. हा भराव पोकळ राहतो आणि तळाशी कातळ असल्याने पाण्याला खाली वाट नसते. भिंतीच्या पाठीशी बिनकठड्याची विहीर तयार होते.

त्या विहिरीचा जोर किती असतो, याचा हिशेब शाळकरी आहे. एक मीटर उंचीचं पाणी दर चौरस मीटरला एक टन दाब देतं. फरशीच्या दोन मीटर वर पाणी उभं असेल, तर शंभर चौरस मीटरच्या तळघराला खालून दोनशे टनांची उचल बसते. रिकामी बादली हौदात दाबून बघा, हाताला कळेल. वरून इमारतीचं वजन असतं म्हणून तळघर उसळत नाही, पण पाणी कच्ची जागा शोधत राहतं. ती बहुतेक वेळा ठरलेली असते: राफ्ट, म्हणजे तळाची काँक्रीटची लादी, आणि भिंत यांचा सांधा. एक काँक्रीट आज ओतलेलं, दुसरं आठवड्याने. मध्ये पाणी अडवणारा वॉटरबार टाकायचा असतो. तो टाकला का, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे यावरचा जुना आणि खरोखर चांगला उपाय म्हणजे शहाबादी फरशीची पेटी. खाली काँक्रीटचा थर, त्यावर कंपाउंड घातलेला मसाला, त्यात सांधे मोकळे ठेवून बसवलेली शहाबादी, सांध्यांत ग्राउट, मग राफ्ट. आणि भिंतीला बाहेरून उभ्या फरश्या लावून मधल्या फटीतही ग्राउट. पाणी जिकडून येतं त्या बाजूने अडवणारं हे काम. निगुतीने केलं तर टिकतं. पण ते दिसत नाही, वेळ खातं, आणि खड्ड्यात पाणी साचलेलं असताना करताच येत नाही. दोन हजारनंतरच्या घाईत त्याची जागा गुंडाळीने येणाऱ्या पडद्यांनी आणि ब्रशने फासायच्या लेपांनी घेतली. त्या मालात खोट नव्हती. पण पडदा लावून झाला की त्यावर संरक्षक थर द्यायचा असतो. तो न देता दगडगोट्यांचा भराव डंपरने ओतला, तर पडद्याची चाळण होते. माझ्या मते या वीस वर्षांतलं अर्धं वॉटरप्रूफिंग त्या एका दुपारी वाया गेलं.

मग ग्राउटिंगचे दिवस आले. भिंतीला ठरावीक अंतरावर तिरकी भोकं, त्यांत निपल, पंपाने आत सिमेंटचं पाणी. तेवढ्याने भागलं नाही तर पाणी लागताच फुगणारं पॉलीयुरेथेन, म्हणजे पीयू. वॉटरप्रूफिंगवाल्यांची एक अख्खी पिढी यावर उभी राहिली. हमीपत्र दहा वर्षांचं, आणि फोन उचलायची तयारी पहिल्या पावसापर्यंतची. पीयूने ती फट खरंच बंद होते. पण मागची विहीर तशीच भरलेली असल्याने पाणी हातभर पलीकडे निघतं. दर उन्हाळ्यात सभेत तोच ठराव, तेच कोटेशन. भिंतीवर लोणा फुटलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि त्यावर ‘यंदा अमुक कंपनीचा डॅम्पप्रूफ मारून बघू’ असं म्हणणारा एक सभासद. आतल्या बाजूने मारलेला रंग पाण्याच्या दाबापुढे सोलून पडणारच. पण तो दिसतो, म्हणून त्याला पैसे मंजूर होतात.

पावसाचं पाणी जिरवायची सक्ती झाली, तिनेही यात भर घातली. योजना चांगली, तिच्याविषयी तक्रार नाही. पण शोषखड्डा कुठे खणायचा, तर जिथे जागा मोकळी सापडेल तिथे, आणि सोसायटीत मोकळी जागा उरते ती इमारतीच्या भिंतीलगत. गच्चीवरचं सगळं पाणी पन्हाळीच्या पाइपाने आणून नेमकं त्या भरावात सोडायचं, आणि मग तळघर गळतं म्हणून ग्राउटिंग करायचं!

आपल्याकडे पाणी नक्की कुठलं, हे विचारायची पद्धत फार उशिरा आली, आणि ते कळायला यंत्र लागत नाही. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात आलं तर ते वरून येतंय, रॅम्प किंवा झरोक्यातून. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर सुरू झालं आणि आठवडाभर राहिलं तर भरावातलं. मे महिन्यातही येत असेल तर पाण्याची टाकी किंवा नळ. टाकीचा नळ रात्री बंद करून पातळीला खूण करायची, सकाळी बघायचं. आणि भिंत नुसती घामेजलेली असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवून दोन दिवस ठेवायचा. ओल प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडून आली तर पाझर. बाहेरच्या अंगाला आली तर ती हवेतली दमट वाफ, तिला पंखा पुरतो.

पाझर घर खराब करतो, वरून येणारं पाणी माणूस मारतं. २०२१च्या १ सप्टेंबरला ‘आयडा’ वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये जी माणसं बुडाली, ती बहुतेक तळघरातल्या खोल्यांत राहणारी होती. २७ जुलै २०२४ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत तीन विद्यार्थी गेले. त्याच्या दोनच दिवस आधी पुण्यात खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरून पार्किंगच्या पार्किंग बुडाली होती. २०१९च्या सप्टेंबरात पुण्यातल्याच आंबिल ओढ्याच्या पुराने एका रात्रीत काय केलं, ते त्या काठाला अजून सांगावं लागत नाही. अशा पाण्यापुढे वॉटरप्रूफिंगचा काही उपयोग नाही. तिथे कामाला येतो तो रॅम्पच्या तोंडाशी केलेला उंचवटा, त्यामागे जाळी टाकलेला आडवा चर, आणि जूनच्या आधी त्या जाळीतला गुलमोहराचा पाला काढणारा हात. मीटर वर नेणं, हे त्याहून आधी.

झिरपणाऱ्या पाण्यावरचं उत्तर मात्र आपल्याकडच्या शेतकऱ्याला माहीत होतं. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीत हिरवळ दिसेनाशी झाली, तेव्हा लोकांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि मुळाशी तुंबलेलं पाणी नाल्याला काढून दिलं. अमेरिकेत हेन्री फ्रेंच या न्यायाधीशाने १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्याच नावाचा खडीचा चर आज तिकडच्या घरांना वेढून असतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत गणपतीची मखरं ज्या बेसमेंटमध्ये ठेवतात, त्याच्या कोपऱ्यातल्या संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा व्हायच्या खड्ड्यात, या चराचं पाणी येतं आणि पंप आपोआप सुरू होतो. शेतातून घरापर्यंत ही युक्ती तिकडे कधीच पोचली. आपल्याकडे शेतातच राहिली, कारण तळघर म्हणजे पाणी अडवायचं काम, असं आपण धरून चाललो.

आमच्या सोसायटीने शेवटी चढाच्या बाजूची भिंत बाहेरून उकरली. भरावातून पोतीच्या पोती डबर निघालं, एक फुटकं घमेलंही. तळाशी उतार देऊन सच्छिद्र पाइप टाकला, भोवती खडी, खडीला जिओटेक्स्टाइलचं कापड, नाहीतर गाळाने दोन पावसाळ्यांत बुजला असता. वर मुरूम नीट दाबून पेव्हर ब्लॉकचा उतार भिंतीपासून बाहेर फिरवला. शोषखड्डा फाटकाजवळ हलवला. संपमध्ये एकाऐवजी दोन पंप, दुसरा इन्व्हर्टरवर, कारण जोराचा पाऊस आणि वीज जाणं एकाच वेळी होतं. पंपाच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो हे एका रात्री समजलं. गटार तुंबलं आणि पंपाने बाहेर टाकलेलं पाणी तसंच परत आलं.

भिंती आता कोरड्या आहेत. लिफ्टचा खड्डा तेवढा राफ्टच्याही खाली असल्याने पाइपाच्या पातळीत येत नाही, तिथे ऑगस्टात घोटाभर पाणी असतंच. त्यासाठी वेगळा छोटा संप घ्यायचा की खड्ड्याला आतून लेप द्यायचा, यावर समितीत दोन तट आहेत. संपाच्या बाजूचे लोक सध्या एका मताने पुढे आहेत.