मधुमेही मुलामुलींचे डोळे

साखरेचा आजार म्हणजे उतारवयातील, खात्यापित्या माणसांचा आजार, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून अद्याप आढळते. परंतु मधुमेहाचा एक प्रकार बहुधा बालपणी किंवा तरुणपणीच जडतो. त्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. यात शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटून त्यांचा नाश करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, की आईबापांच्या हयगयीनेही होत नाही. १९२२ साली कॅनडातील टोरोंटो येथे १४ वर्षांच्या एका मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत हा आजार जडलेले मूल फार काळ जगत नसे. आज इन्सुलिनच्या बळावर असे मूल शिकते, नोकरी करते, संसार करते. म्हणूनच आता त्याच्या जिवाबरोबर त्याच्या डोळ्यांचीही चिंता वाहिली पाहिजे.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्याचे पोषण अतिशय बारीक रक्तवाहिन्या करतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की त्या दुबळ्या होतात, त्यांतून पाणी व रक्त झिरपते आणि काही तर बंदच पडतात. मग पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात. पण त्या इतक्या नाजूक असतात की त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो, किंवा पडदाच सुटून येतो. यातील घातक गोष्ट ही की, प्रारंभी डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि वाचण्यासही अडचण पडत नाही. नजर मंदावल्याचे कळते, तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो.

यास्तव आमचे सांगणे एकच: डोळ्यांची तक्रार नसली तरी दरवर्षी डोळे तपासून घ्या. आजारास ३ ते ५ वर्षे झाली व मूल ११ वर्षांचे झाले की ही तपासणी सुरू करावी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. बहुधा थेंब घालून बाहुली मोठी करतात व डॉक्टर आतील पडदा पाहतात. नंतर काही तास अंधुक दिसते. म्हणून सोबत मोठे माणूस असावे. खानापूरकडील मंडळींना बेळगावचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय जवळ पडेल. निपाणीकरांना कोल्हापूरचे सी. पी. आर. रुग्णालय सोयीचे होईल. कोठेही जा, पण मागील सर्व कागद बरोबर न्या. दोष वेळीच ध्यानी आला तर लेझर किरणांनी किंवा डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी नजर बऱ्याच अंशी राखता येते. एकदा गेलेली नजर परत आणणे मात्र कठीण.

तथापि खरी राखण घरातच होते. अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचे डोळे आरंभी निर्दोष होते, त्यांनी साखर काटेकोरपणे आवाक्यात ठेवल्यास डोळ्यांच्या या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. रक्तदाबही आवाक्यात असावा. निपाणीचा प्रदेश तंबाखूचा; पण ज्या घरी मधुमेही मूल आहे, तेथे विडीचा धूर नसावा व त्या मुलाने तंबाखूस कधी शिवू नये. कोणी जडीबुटीचा गुण सांगून इन्सुलिन बंद करावयास सांगितले, तर त्याचे मुळीच ऐकू नका. त्याने डोळेच काय, प्राणही जाईल. उपवासकाळात अशा मुलास उपाशी ठेवू नये. ख्रिस्तसभेच्या नियमाने आजाऱ्यास उपवासातून मोकळीक आहे. नाताळच्या करंज्यांविषयीही मुलास टाकून बोलू नये. किती खावी व तिच्या मानाने इन्सुलिन किती घ्यावे, हे डॉक्टरांस विचारून ठेवावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस कळकळीने सांगावीशी वाटते. मुलगी मधुमेही असली की, लग्न जमणार नाही या भयाने घरचे लोक आजार लपवितात. सासरी गेल्यावर ती चोरून सुई घेते, कधी चुकविते, आणि डोळे तपासावयास जाणे तर दूरच राहते. पुढे दिवस राहिल्यावर डोळ्यांचा विकार बळावण्याचा धोका असतो. वस्तुतः मूल होण्याचा विचार करतानाच, व दिवस राहिल्यावर पहिल्या ३ महिन्यांत, डोळे तपासले गेले पाहिजेत. ज्या घरापासून आजार लपविला, तेथे ही तपासणी कोण करवील? बोलणी चालू असतानाच खरे सांगावे. ते ऐकून एखादे स्थळ मोडेल. पण जे घर समजून-उमजून सून नेईल, तेच तिच्या डोळ्यांची काळजी घेईल.

आईबापांनो, घरातील दिनदर्शिकेवर वाढदिवसाप्रमाणे डोळे तपासण्याचा दिवसही आजच लिहून ठेवा. त्या दिवशी एका दिवसाची मजुरी बुडेल, गाडीभाडे पडेल. पण त्या खर्चाने मुलाची जन्माची दृष्टी राखली जाईल.