युदोनो पर्वतावरील मौन

प्रवासवर्णन हे सांगण्यासाठीच लिहिले जाते. परंतु जपानात एक तीर्थ असे आहे की, तेथे पाहिलेले परतल्यावर कोणास सांगावयाचे नसते. होन्शू बेटाच्या उत्तर भागात, यामागाता प्रांतात, हागुरो, गास्सान आणि युदोनो हे तीन पर्वत ‘देवा सान्झान’ या नावाने पूज्य मानले जातात. (‘देवा’ हे जुने प्रांतनाम होय, आपल्या ‘देव’ शब्दाशी त्याचा संबंध नाही.) हागुरोच्या २,४४६ दगडी पायऱ्यांचे व १,९८४ मीटर उंचीच्या गास्सानचे वर्णन कोणीही खुशाल करावे. निर्बंध आहे तो युदोनोपुरता.

येथे देवतेसाठी बांधलेले मंदिरच नाही. निसर्गनिर्मित वस्तूचीच पूजा होते. यात्रेकरू पादत्राणे उतरवितो, पुरोहिताकडून शुद्धी करवून घेतो, मनुष्याकृती कागद पाण्यात सोडतो आणि अनवाणी पुढे जातो. छायाचित्रास मनाई आहे. परंपरेचा नियम असा की, सांगू नये आणि ‘किकु’ नये. या जपानी क्रियापदाचे ‘ऐकणे’ व ‘विचारणे’ असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे बंधन बोलणाऱ्याइतकेच श्रोत्यावरही पडते. १६८९ साली बाशो येथे आला, तेव्हा त्याने आपल्या ‘ओकु नो होसोमिची’ या प्रवासग्रंथात हा नियम नमूद करून लेखणी खाली ठेवली.

हे मौन म्हणजे गुप्तता, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बरोबर वाटत नाही. शिंतो परंपरेत ‘इमिकोतोबा’, म्हणजे वर्ज्य शब्दांऐवजी योजलेले शब्द, फार जुने आहेत. ९२७ साली सिद्ध झालेल्या ‘एन्गिशिकी’ या विधिसंग्रहात इसे येथील असे शब्द नोंदलेले आहेत. तेथे बौद्ध सूत्रग्रंथास ‘रंगविलेला कागद’, रक्तास ‘घाम’, मरण्यास ‘बरे होणे’ आणि मुंडन केलेल्या भिक्षूस चक्क ‘लांबकेस्या’ म्हणावयाचे! कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे ऐकणारा जाणत असेच. आपणही नारळ ‘वाढवितो’, तेव्हा तो फुटला हे कोणापासून लपवीत नाही. निषेध उच्चाराचा असतो, ज्ञानाचा नव्हे. युदोनोच्या नियमाचा पिंडही बहुधा हाच. फरक इतकाच की, येथे पर्यायी शब्दही दिलेला नाही.

त्या वस्तूचे छापील वर्णन आज शोधणाऱ्यास सहज मिळते. ते येथे दिलेले नाही. हिवाळ्यात बर्फामुळे तेथील वाट बंद असते. जावयाचे तर उन्हाळ्यात जावे, आणि कागदपेन्सिल खालीच ठेवावी.