‘नून’ म्हणजे एके काळी दुपारचे तीन!

इंग्रजीतला ‘नून’ म्हणजे भर दुपारचे बारा, हे शाळेतली मुलंही सांगतील. पण शब्दाच्या पोटात दडलाय नऊचा आकडा! मूळ लॅटिन ‘नोना होरा’, म्हणजे नववा तास. यातला ‘नोना’ आणि आपला ‘नववा’ हे भाषाकुळाने भाऊबंदच.

रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग करत. त्यामुळे त्यांचा तास उन्हाळ्यात लांबायचा, हिवाळ्यात आखडायचा. रोममध्ये तो साधारण पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत बदलत असे. मला तर ही सूर्याच्या चालीने चालणारी मोजणी फार आवडते. दिवसरात्र सारखे असताना नववा तास येई दुपारी तीनच्या सुमारास. ख्रिस्ती मठांत त्या वेळी ‘नोन’ नावाची प्रार्थना होत असे आणि जुन्या इंग्रजीतला ‘नोन’ही त्याच वेळेचा.

मग तीनचे बारा कसे झाले? उपासाच्या दिवशी मठवासीयांचं जेवण या प्रार्थनेनंतर असे. प्रार्थना आणि जेवण हळूहळू अलीकडे सरकले आणि शब्दही त्यांच्याबरोबर सरकला, असं सहसा मानतात. चौदाव्या शतकापर्यंत ‘नून’ मध्यान्हावर स्थिरावला होता.

खरा मध्यान्हीचा तास सहावा, लॅटिनमध्ये ‘सेक्स्ता’. त्यावरूनच स्पॅनिश ‘सिएस्ता’ आला, म्हणजे दुपारची वामकुक्षी!

सतराव्या शतकात तर इंग्रजी लेखक मध्यरात्रीलाही ‘रात्रीचा नून’ म्हणत.