वडापची जुनी जीप अजून पळते कशी?

दोस्तांनो, कोल्हापूरहून बिद्री, मुधाळ तिट्टा करत गारगोटीला आलात, की एस. टी. स्टँडच्या आसपास आरोळी कानावर पडते. "चला, कडगाव, पाटगाव! कडगाव, पाटगाव!" ही वडापची गाडी. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. माणसं भरली की सुटणारी आणि हात केला की थांबणारी जीप किंवा ट्रॅक्स म्हणजे वडाप. कायद्याच्या भाषेत तिला 'अवैध प्रवासी वाहतूक' म्हणतात. भुदरगड तालुक्यातल्या वाडीवरची आजी मात्र तिला 'आमची गाडी' म्हणते.

आता त्या गाडीकडे नीट बघा. रंग उडालाय. एका दाराला दोरी बांधलीय. किलोमीटर मोजणारा काटा केव्हाचा बंद पडलाय. वय विचाराल तर वीस, पंचवीस, कधी तीस वर्षं! तरीही ती दुधाच्या किटल्या, खताची पोती, शाळेची पोरं आणि बाजाराहून परतणाऱ्या बायामाणसांना घेऊन सह्याद्रीच्या कुशीतल्या पाटगावकडे जाते. दुसरीकडे शहरातली चकचकीत मोटार दहा वर्षांतच 'जुनी झाली' म्हणून विकायला निघते. असं का?

आजोबांना विचारा. ते म्हणतील, "तेव्हाचं लोखंडच वेगळं होतं बाळा!" हे अर्धंच खरं आहे. उरलेलं उत्तर गाडीच्या खाली लपलंय. चला, वाकून बघू. (गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना आणि मालकाला विचारून हं!)

पहिल्यांदा दिसेल एक आडवी शिडी. दोन लांब, जाड पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. मिस्त्री लोक हिला 'चासी' म्हणतात. इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचे आस, सगळा भार या शिडीवर. वरची बॉडी म्हणजे बोल्टांनी घट्ट बसवलेली टोपीच म्हणा ना! त्यामुळे पत्रा गंजला म्हणून गाडी मरत नाही. सडलेला तुकडा कापायचा, नवा पत्रा वेल्डिंग करायचा, झालं. मागे बाकं बसवली की माणसांची गाडी आणि हौदा बसवला की पिकअप. कंपन्यांनीही एकाच शिडीवर अशी वेगवेगळी रूपं बनवली. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत ही शिडी नसते. अंड्याच्या कवचासारखं त्यांचं अंगच सगळा भार पेलतं. गाडी हलकी होते, इंधन कमी लागतं, पण ते कवच वाकलं की काम महागात जातं.

दुसरी गोष्ट चाकाजवळ आहे. वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची थप्पी दिसतेय ना? हे पाटे. आता एक प्रयोग करा. दोन पुस्तकांच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी आडवी ठेवून बोटानं दाबा. लगेच वाकेल. आता भावंडांच्या दप्तरातून आणखी दोन पट्ट्या आणा (परत द्यायच्या आहेत!) आणि तिन्ही एकावर एक ठेवून दाबा. आता जोर लावावा लागेल. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासत सरकतात, हेही दिसेल. खड्ड्यात चाक आपटलं की पाटा असाच वाकतो आणि उसळीचा थोडा जोर त्या घासण्यातच जिरतो.

यातली गंमत अशी, की पाच-सात पट्ट्यांतली मधली एखादी तुटली, तरी बाकीच्या भार धरून ठेवतात. गाडी एका बाजूला कलते, करकरते, पण हळूहळू का होईना गारगोटीपर्यंत येते. तिथे तुटलेली पट्टी बदलायला हातोडा, पाने आणि जॅक पुरतो. बसणाऱ्याचं कंबरडं मात्र मोडतं, हेही सांगायला हवं. जीपच्या मागच्या बाकावर बसून पाटगावला जाऊन आलेल्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही.

आता इंजिन. घरात सायकलचा पंप असेल, तर त्याचं तोंड बोटानं दाबून धरा आणि दहा-बारा वेळा जोरात दांडा मारा. पंपाचं खालचं टोक चाचपून बघा. गरम लागतंय ना? हवा दाबली की तापते. जुनं डिझेल इंजिन नेमकं हेच करतं. त्यातला पिस्टन हवेला वीसएक पट लहान जागेत कोंबतो. ती हवा ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते. मग डिझेलचा बारीक फवारा आत मारला, की तो आपला आपण पेटतो. पेट्रोल इंजिनासारखी विजेची ठिणगी लागतच नाही. ठिणगी नाही म्हणजे स्पार्क प्लग नाही, त्याच्या वायरी नाहीत आणि पावसात त्या भिजून गाडी बंद पडणंही नाही. भुदरगडच्या पावसाळ्यात ही फार मोठी सोय! डिझेल ढकलणारा पंपसुद्धा इंजिनच फिरवतं. बॅटरी लागते ती मुख्यतः दिव्यांना आणि गाडी सुरू करताना. म्हणून तर वडापचे अनुभवी ड्रायव्हर रात्री गाडी उताराला तोंड करून लावतात. सकाळी बॅटरीनं दगा दिला, तर गाडी सोडायची, वेग आला की गिअर टाकायचा. घुर्रर्र! झाली सुरू.

शिवाय ही इंजिनं आळशी होती. जीपमधलं प्यूजो या फ्रेंच कंपनीचं डिझेल इंजिन दोन लिटरहून मोठं, पण त्याची ताकद साठेक अश्वशक्तीच. आज दीड लिटरच्या डिझेल इंजिनातून शंभराहून जास्त अश्वशक्ती काढतात. मोठ्या पैलवानाच्या हातात पाच किलोची पिशवी द्यावी, तसं जुन्या इंजिनाचं असतं. तो दमत नाही, आणि पळतही नाही.

पण गाडी इतकी साधी बनवावी, असं सुचलं कुणाला? त्यासाठी १९४० सालात जायला हवं. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. अमेरिकन सैन्याला चिखल-दगडांतून जाणारी हलकी गाडी हवी होती आणि तिचा नमुना ४९ दिवसांत तयार करून द्या, अशी अट होती! बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ती पाळली. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. रणांगणावर गॅरेज कुठलं? म्हणून एका कंपनीच्या जीपचे भाग दुसरीच्या जीपला बसतील, असा कटाक्ष होता. दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करायची, ही युक्ती सैनिकांनी तेव्हाच शिकून घेतली.

तीच जीप आपल्याकडे आली. १९४९ साली मुंबईत माझगावला महिंद्रा कंपनीनं विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. त्यानंतर उंच बॉनेटची 'सीजे-३बी' आली. तिचं बॉनेट उंच का? तर नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं आणि ते झाकायला हवं होतं, एवढंच! अमेरिकेत ही जीप १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. पेट्रोल महाग पडू लागलं, तशी डिझेल इंजिनं आली. प्यूजोच्याही आधी 'इंटरनॅशनल' इंजिन आलं आणि ते होतं ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. म्हणजे ज्या गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे, त्या गावात जीपचाही मिस्त्री आहे! आता कळलं, जीप खेड्यापाड्यांत इतकी का रुजली ते?

ट्रॅक्सची गोष्ट तर आणखी भारी. ती बनवली पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं. तिचं इंजिन जर्मनीच्या मर्सिडीजच्या 'ओएम ६१६' या घराण्यातलं. त्याच घराण्याचं इंजिन असलेली १९७६ सालची एक मर्सिडीज ग्रीसमध्ये ग्रेगोरियोस साखिनिदिस हे टॅक्सीवाले चालवत. २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा ती ४६ लाख किलोमीटर चालली होती. चंद्रावर सहा वेळा जाऊन परत येण्याएवढं अंतर! पण थांबा, ती एकाच इंजिनावर नाही चालली. इंजिन पुन्हापुन्हा उतरवलं, दुरुस्त केलं, बदललं गेलं.

इथेच खरी किल्ली आहे. जुनी गाडी बिघडत नाही, हा समज चुकीचा आहे. ती नव्या गाडीपेक्षा जास्त वेळा बिघडते! वडापच्या मालकाला विचारा. आज क्लच, उद्या रेडिएटर, परवा दिवशी ब्रेक. दर थोड्या दिवसांनी ग्रीस भरायचं, ऑइल वेळेवर बदलायचं. पण बिघडली की ती कुठेही उघडता येते. पाने, पक्कड, थोडी तार आणि काय झालंय ते कानानं ओळखणारा मिस्त्री, एवढं पुरतं. गारगोटीला भाग मिळाला नाही, तर कोल्हापूर पन्नासएक किलोमीटरवर. तिथल्या उद्यमनगरात लेथवर भाग घडवून देणारे कारागीर बसलेत. एकच रचना वर्षानुवर्षं चालू राहिल्यामुळे एका जीपचे कित्येक भाग दुसरीला जमतात.

नव्या डिझेल गाडीत इंधन दीड-दोन हजार बार दाबानं फवारलं जातं. मोटारीच्या टायरमधली हवा दोनेक बार असते, म्हणजे बघा किती पट! हे सगळं सांभाळायला संगणक आणि सेन्सर असतात. त्यामुळे धूर कमी, ताकद जास्त आणि बिघाडही कमी. पण एखादा सेन्सर रुसला, तर कानानं ओळखून भागत नाही. तपासायचं यंत्र हवं, नाहीतर गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून शहरात न्यायची. शहरात ठीक आहे. पण आषाढातल्या रात्री पाटगावच्या वरच्या वाडीतून कुणाला तातडीनं गारगोटीच्या दवाखान्यात आणायचं असेल, तर गाडी वर्षातून किती वेळा बिघडते, यापेक्षा आत्ता तासाभरात चालू होते का, हे महत्त्वाचं असतं.

म्हणून जुनी गाडीच चांगली म्हणायची? मी तसं म्हणणार नाही. तिचा धूर तुम्ही खाल्लाच असेल. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू झाले. त्यांच्यापुढे जुनं इंजिन म्हणजे चालती चूल! दुसरं, 'दणकट गाडीत माणूस सुरक्षित' हा समज. नव्या मोटारीचं नाक अपघातात मुद्दाम चुरगळेल असं बनवतात, म्हणजे धक्क्याचा जोर त्या चुरगळण्यात संपतो. जुन्या जीपची शिडी फारशी चुरगळत नाही, त्यामुळे तो धक्का थेट आतल्या माणसांना बसतो. एअरबॅग नाही, मागच्या आडव्या बाकांना पट्टे नाहीत. पाण्यातून गेल्यावर तिचे ड्रमब्रेक ओले होतात आणि काही वेळ नीट धरत नाहीत. त्यात दहाच्या जागी सतरा माणसं आणि टपावर पोती! गाडीचं वजन वर सरकतं आणि वळणावर ती सहज कलंडते. तेव्हा मागच्या शिडीला लटकून शाळेला जाणाऱ्या मित्रांनो, गाडीच्या भरवशावर तुम्ही लटकू नका. पुढची गाडी येऊ दे. पहिला तास बुडाला तर बुडाला.

कायद्यानंही या म्हाताऱ्यांभोवती कुंपण घातलंय. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. मग तपासणीत पास झाली, तर पाच-पाच वर्षांनी मुदत वाढते. २०२२ पासून त्याचं शुल्कही बरंच वाढलंय. त्यामुळे दुरुस्त करत राहायचं की भंगारात द्यायची, हा हिशेब आता मालक दर वेळी मांडतो.

आणि दिली भंगारात, तर? पाटे, आस, गिअर यांतलं जे धड असेल, ते दुसऱ्या एखाद्या जीपखाली जातं. उरतो इंजिनाचा बिडाचा ठोकळा. कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावला ओतकामाचे पुष्कळ कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या भट्टीत भंगारातलं बीड वितळवतात, वाळूच्या साच्यात ओततात आणि त्यातून गाड्यांचे, ट्रॅक्टरांचे नवे भाग तयार होतात. पुढच्या वेळी मुधाळ तिट्ट्यावर एखादा कोरा ट्रॅक्टर दिसला, तर त्याच्या पोटात कदाचित पाटगावचा रस्ता वर्षानुवर्षं तुडवलेलं एखादं जुनं इंजिन असेल.