आधार-भिंत, झाडझाडोरा आणि भूकंप

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी उताराची माती अडविण्यासाठी नाल्याकाठी वा शेताच्या कडेस दगडी आधार-भिंत घालावी लागते. अशा भिंतीवर व तिच्यामागे काय वाढू द्यावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्यू पावली. तेथील घरांच्या जाड भिंती दगड-मातीच्या होत्या. आतील व बाहेरील थर आरपार जाणाऱ्या लांब दगडांनी जोडलेले नसल्याने ते फाकून कोसळले. आधार-भिंतीलाही हाच धडा लागू आहे.

भूकंपाच्या हादऱ्याने भिंतीमागील मातीचा दाब एकाएकी वाढतो. माती ओली असल्यास पाण्याचा भार त्यात मिळतो. काळी माती तर भिजताच फुगते व एरवीही भिंत पुढे लोटते. म्हणून भिंतीलगत मुरूम व खडी भरावी आणि पाणी निघून जाण्यास भिंतीत भोके ठेवावीत.

वनस्पतींचे कार्य याच्या जोडीचे आहे. गवताची मुळे वरची माती जाळ्याप्रमाणे बांधून ठेवतात व तिच्यातील ओल शोषून घेतात. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात. पावसाळ्याच्या आरंभी भिंतीच्या माथ्यामागे हातभर अंतर सोडून, वितीहून कमी अंतरावर, त्याची ठोंबे ओळीने लावावीत. तथापि मुळांच्याही खालून माती घसरू लागल्यास गवत ती थोपवू शकत नाही. कच्च्या भिंतीचा दोष हिरवळीने झाकतो, जात नाही.

वड, पिंपळ व उंबर यांची रोपे सांध्यांत रुजली की दगड फाकवितात. मोठे झाड हादऱ्याने डोलते आणि आपला भार भिंतीवर टाकते. अशी रोपे कोवळी असतानाच मुळासकट काढावीत. मूळ जाड झाले असल्यास ओढू नये. झाड कापून तेवढा भाग उकलावा व नव्याने बांधावा, कारण कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळी राहते. मोठी झाडे भिंतीपासून निदान त्यांच्या पूर्ण उंचीइतकी दूर लावावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रतिवर्षी पावसाळ्यापूर्वी गावातील आधार-भिंती पाहाव्यात. बुजलेली भोके, फुगलेला भाग व सांध्यातील रोपे ही तीन लक्षणे तपासावीत. भूकंप पूर्वसूचना देत नाही. भिंत मात्र देते.