उधारीची वही आणि दुकानाची बरकत

तालुक्याच्या गावातील किराणा दुकान उधारीशिवाय चालत नाही. शेतकरी गिऱ्हाईक पीक विकल्यावरच पैसे देतो. म्हणून उधारी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही; ती नीट लिहून ठेवा, एवढेच म्हणतो.

हिशेब पाहा. १०० रुपयांच्या विक्रीत ८ रुपये सुटतात असे धरू. १,००० रुपयांची उधारी बुडाली की दुकानदाराच्या पदरचे ९२० रुपये जातात. ते भरून काढायला ११,५०० रुपयांची विक्री करावी लागते. तोवर घाऊक व्यापारी थोडाच थांबतो?

ओळखीच्या माणसाची सही घ्यायला आपल्या अनेक बांधवांना संकोच वाटतो. वस्तुतः सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे, लहान असो वा मोठे, लिहून ठेवण्याचा आदेश आहे. मजकूर देणेकऱ्याने सांगावा, असेही म्हटले आहे. तेव्हा लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. कायद्यातही लिखापढीला महत्त्व आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशांसाठी साधारणपणे ३ वर्षांत दावा करावा लागतो. त्या अवधीत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी मान्य केली, तर मुदत नव्याने सुरू होते.

प्रत्येक खात्याला रकमेची मर्यादा आणि परतफेडीची तारीख ठरवा. दर महिन्याला बाकी वाचून दाखवा व सही घ्या. जो खरोखर अडचणीत आहे त्याला सवड द्या. २८० व्या आयतीची तीच शिकवण आहे. पण कोण अडचणीत आहे आणि कोण टाळतो आहे, हे ओळखायलाही वही स्वच्छ हवी.